हॉप्सवरचा केवडा : गड्ड्यापासून शंकूपर्यंत

अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या विलामेट खोऱ्यात मार्च महिना अर्धा सरला की हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या शंकूंच्या वेलीच्या, गड्ड्यांतून जांभळट कोंब वर येऊ लागतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत एकेका गड्ड्याभोवती वीस-पंचवीस कोंबांची दाटी होते. या दाटीत एखादा कोंब वेगळा असतो. बाकीचे हातभर वाढले तरी हा वीतभरच राहतो. त्याची पेरी इतकी आखूड असतात की पाने एकावर एक रचून ठेवल्यासारखी दिसतात. पानांचा रंग फिकट, कडा खाली वळलेल्या, आणि बोटाने वाकवू गेल्यास तो लवत नाही, कट्‌कन मोडतो. पान उलटून पाहिले तर खालच्या बाजूला काजळी धरल्यासारखी करडी-काळी लव दिसते. हॉप्सवरच्या केवडा रोगाची वर्षातली पहिली खूण ती हीच.

मी पहिल्या वर्षी ही खूण पाहिली आणि ओळखली नाही. निफाडकडच्या द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला आखूड पेरी आणि बारीक पाने दिसली की पहिली शंका जस्ताच्या कमतरतेची येते, तशी मलाही आली. मी जस्ताची फवारणी करून निश्चिंत झालो आणि जुलैअखेर आठपैकी तीन वेलींवरचे शंकू तपकिरी होऊन कडक झाले. त्यानंतरच्या हंगामांत जे शिकलो ते येथे क्रमाने मांडले आहे. सगळ्याचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: या रोगाचा जो काही बंदोबस्त होतो तो मार्च-एप्रिलमध्ये, जमिनीलगत, गुडघे टेकून होतो. जुलैतली फवारणी ही मागाहून केलेली धावपळ असते.

हा लेख प्रामुख्याने ओरेगन, वॉशिंग्टन, इंग्लंड, जर्मनी अशा थंड प्रदेशांत राहणाऱ्या आणि परसात चार-दहा वेली लावलेल्या मराठी वाचकांसाठी आहे. महिने विलामेट खोऱ्याचे दिले आहेत. आपल्याकडे हंगाम पुढे-मागे असेल तर महिन्याकडे न पाहता वेलीच्या अवस्थेकडे पाहावे. महाराष्ट्रात हॉप्स लावून पाहण्याची हौस अनेकांना असते, पण तेथे केवड्याच्या आधी दिवसाची लांबी आडवी येते. ओरेगनमध्ये जूनचा सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेपंधरा तासांचा असतो, नाशिकला तो सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, आणि दिवस अपुरा पडला की वेल दोरीचे टोक गाठण्याआधीच फुलावर येते. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात हॉप्सची शेती झालेली आहे. ते खोरे पर्जन्यछायेत असल्याने तेथील कोरडी हवा केवड्याला मुळातच प्रतिकूल आहे.

रोगाचे बिऱ्हाड कोठे असते

हॉप्सवरच्या केवड्याच्या जीवाचे शास्त्रीय नाव स्युडोपेरोनोस्पोरा ह्युम्युली असे आहे. द्राक्षावरचा केवडा, म्हणजे आपले बागायतदार ज्याला सर्रास डाऊनी म्हणतात तो, त्याच्या नात्यातला आहे. पण खरा सख्खा भाऊ म्हणावा तो काकडी आणि दोडक्यावरचा केवडा, कारण त्या दोघांची प्रजाती (जीनस) एकच आहे. हे जीव दिसायला बुरशीसारखे असले तरी खऱ्या बुरशीत मोडत नाहीत. ही केवळ वर्गीकरणातली बारकाई नाही, कारण भुरीवर, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या रोगावर, चालणारी बरीच औषधे यांच्यावर चालत नाहीत. गंधक मारून केवडा आटोक्यात येईल अशी आशा बाळगणारे घरगुती बागायतदार मी दरवर्षी पाहतो. गंधक भुरीचे औषध आहे. केवड्यावर त्याचा उपयोग होत नाही.

हॉप्सची वेल बहुवर्षायू आहे. जमिनीवरचा भाग हिवाळ्यात मरतो आणि जमिनीतला गड्डा वीस-वीस वर्षे जगतो. केवड्याचा जीव याच गड्ड्यात आणि त्यावरच्या सुप्त डोळ्यांत हिवाळा काढतो. वसंतात डोळा फुटला की रोग कोंबाबरोबरच वर येतो. त्याला बाहेरून यावे लागत नाही. असा कोंब म्हणजे आतून पोखरलेला कोंब, इकडचे शेतकरी त्याला स्पाइक म्हणतात. या लेखात मी ‘रोगट कोंब’ हाच शब्द वापरला आहे. दमट रात्री त्याच्या पानांखाली बीजाणूंच्या पिशव्या तयार होतात, सकाळी उन्हे वर आली की त्या सुटून वाऱ्यावर जातात आणि ओल्या पानावर पडल्या की त्यांतून शेपटीचे सूक्ष्म बीजाणू बाहेर पडून पाण्याच्या पातळ थरातून पोहत पर्णरंध्रात शिरतात. पाणी नसेल तर पोहणे नाही, आणि पोहणे नसेल तर लागण नाही.

म्हणून पान किती वेळ ओले राहते हा या रोगातला कळीचा आकडा आहे. सुमारे १५ ते २१ अंश सेल्सिअस तापमान असेल तर पानाला लागण व्हायला दीड-दोन तासांची ओल पुरते. कोवळ्या शेंड्याला लागण होण्यासाठी साधारण तीन ते सहा तास ओल टिकावी लागते. पानावरचा डाग हा त्या पानापुरता राहतो, पण शेंड्याला झालेली लागण आत उतरते आणि खाली खाली जात गड्ड्यापर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे एक तासाची सर येऊन ऊन पडले तर मी फारसा घाबरत नाही. संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत झिमझिमणारा मे महिन्यातला पाऊस मात्र वैरी समजावा.

या हिशेबावरून प्रदेशाप्रदेशातला फरकही कळतो. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यात, जेथे अमेरिकेचे बहुतांश हॉप्स पिकते, वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे केवडा असतो, पण १९९७ मध्ये आलेली भुरी तेथल्या शेतकऱ्याची अधिक झोप उडवते. विलामेट खोऱ्यात सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बराचसा भाग हिवाळा-वसंतात, म्हणजे नेमका कोंब फुटण्याच्या सुमारास, येतो. जर्मनीच्या बव्हेरियातील हालरटाऊ हा जगातला सर्वांत मोठा सलग हॉप्स पट्टा. तेथे १९२० च्या दशकात केवड्याने इतका हाहाकार उडवला की त्यातूनच १९२६ मध्ये ह्यूल येथे हॉप्स संशोधनाची संस्था उभी राहिली. रोगाची पहिली नोंद त्याआधीची, १९०५ मधील जपानची आहे.

आधी खात्री, मग उपाय

रोगट कोंबाचे वर्णन वर केले आहे. त्याखेरीज आणखी तीन ठिकाणी केवडा दिसतो. पानांवर शिरांनी अडवलेले, त्यामुळे कोनदार दिसणारे डाग पडतात. आधी ते फिकट असतात, मग तपकिरी होऊन वाळतात. दोरीवर चढलेल्या वेलीचा शेंडा बाधित झाला तर त्याची वाढ खुंटते, पाने फिकट होतात आणि तो दोरी सोडून बाजूला लोंबू लागतो. हॉप्सची वेल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दोरीला घट्ट वेढे घालत चढते, ऐन उन्हाळ्यात दिवसाला तीस सेंटिमीटरपर्यंतही वाढते. अशा वेलीचा शेंडा दोरी सोडून उभा राहिला की लांबूनच संशय घ्यावा. तिसरे ठिकाण शंकूंचे, त्याविषयी पुढे येईल.

संशय आला की मी एक साधी चाचणी करतो. संशयित पान किंवा कोंबाचा तुकडा दुपारी खुडून, ओल्या कागदी रुमालावर पानाची खालची बाजू वर येईल असा ठेवून, झाकणाच्या डब्यात रात्रभर स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायचा, फ्रिजमध्ये नाही. केवडा असेल तर सकाळी पानाच्या खालच्या बाजूला, डागांच्या जागी, करडी ते जांभळट-काळी लव उगवलेली दिसते. दहा पट मोठे दाखवणारे भिंग असेल तर ती लव झुडपासारखी फांद्या फुटलेली दिसते. काहीच उगवले नाही तर जस्त, तणनाशकाचा झोत किंवा अन्य कारणांकडे वळावे.

ज्यांची गल्लत होते अशा तीन गोष्टी येथेच सांगतो. भुरीचे ठिपके पांढरे, पिठासारखे, गोलसर असतात आणि पानाच्या वरच्या बाजूलाही येतात. माव्याच्या चिकट्यावर वाढणारी काळी बुरशी पानाच्या वरच्या बाजूला असते आणि ओल्या बोटाने पुसली जाते. केवड्याची काळी लव पानाखाली असते आणि तिच्या वर पानावर डाग असतोच. मर रोगात पाने पिवळी-तपकिरी होऊन वेल सुकते, पण कोंब असे ठेंगणे, ठिसूळ होत नाहीत.

लागवड करताना

केवडा बहुतेक वेळा विकत घेतलेल्या मुळकांडीतून येतो. माझ्या त्या तीन वेलींच्या मुळकांड्या एका रोपवाटिकेतून टपालाने आल्या होत्या. त्यांतल्या दोघींच्या कापलेल्या टोकाला लालसर-तपकिरी रेघा होत्या आणि मी त्याकडे वाळलेली साल समजून दुर्लक्ष केले. निरोगी मुळकांडी कापली तर आतून पांढरट, दुधाळ रंगाची आणि भरीव दिसते. कापलेल्या भागात लालसर-तपकिरी किंवा काळ्या रेघा दिसल्यास ती मुळकांडी लावू नये, कितीही पैसे गेलेले असोत. शक्य असेल तर मुळकांडीऐवजी रोगमुक्त मातृवृक्षांपासून कुंडीत वाढवलेली रोपे घ्यावीत. ती महाग पडतात, पण गड्डा वीस वर्षे जमिनीत राहणार आहे हे ध्यानात घेतले तर तो खर्च फार नाही. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेली मुळकांडी नाकारणे सर्वांत अवघड जाते, आणि रोगाचा प्रवास बव्हंशी या प्रेमातूनच होतो.

वाण निवडताना नुसत्या सुगंधाचा विचार करू नये. १९७२ मध्ये ओरेगनहून प्रसारित झालेला कॅस्केड हा वाण केवड्याला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि घरगुती बागेसाठी मी तोच सुचवतो. इंग्लंडचा जुना फगल हाही केवड्याला सोशिक आहे, पण त्याला मर रोगाचे वावडे आहे, त्यामुळे केंटसारख्या भागात, जेथे हॉप्सवरची मर १९२४ मध्ये प्रथम नोंदली गेली, तो जपून लावावा. क्लस्टर, गॅलीना आणि झ्यूस हे वाण केवड्याला लवकर बळी पडतात. वसंतात पाऊस असणाऱ्या गावी ते लावले तर पुढचे सगळे काम दुप्पट होते. सोशिक म्हणजे रोगमुक्त नव्हे. कॅस्केडवरही रोगट कोंब मी पाहिले आहेत, मात्र ते गड्ड्याला दोन-तीन असतात, पंधरा-वीस नसतात.

जागा सकाळचे ऊन लवकर पोहोचेल अशी निवडावी, म्हणजे दव लवकर उडते. दोन गड्ड्यांत किमान एक मीटर आणि दोन वेगळ्या वाणांत दोन मीटर तरी अंतर असावे, नाही तर जमिनीखालच्या मुळकांड्या एकमेकांत शिरतात आणि कोणता रोगट कोंब कोणत्या गड्ड्याचा हेच कळेनासे होते.

मार्च-एप्रिल : खरड आणि खुडणी

द्राक्षात एप्रिलला खरड छाटणी करतात, तिचेच एक भावंड हॉप्समध्ये आहे. मार्चच्या उत्तरार्धात आलेली पहिली फूट बव्हंशी पोकळ, फार जोमाची आणि रोगाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची असते. ती तशीच दोरीवर चढवण्याचा मोह होतो, कारण पाच महिन्यांच्या हिवाळ्यानंतर दिसलेले ते पहिले हिरवे असते. पण ही सगळी फूट जमिनीलगत काढून टाकावी आणि दुसऱ्या फुटीतून वेली निवडाव्यात. व्यावसायिक शेतकरी हे काम यंत्राने किंवा फूट जाळणाऱ्या रसायनाने करतात. घरी धारदार सिकेटर आणि खुरपे पुरते.

काम करण्याची माझी पद्धत अशी आहे. दव उडाल्यावर, कोरड्या दिवशी, गड्ड्याभोवतीची दोन-तीन इंच माती खुरप्याने हलकेच मागे ओढायची, म्हणजे कोंब नेमके कोठून फुटले आहेत ते दिसते. मग प्रथम रोगट कोंब शोधून, बुडाशी चिमटीत धरून, गड्ड्यावरच्या डोळ्यासकट हलका पीळ देत उपटायचा. नुसता वरून कापला तर खालच्या डोळ्यातून पुन्हा रोगटच फूट येते, हा अनुभव मी दोनदा घेतला आहे. उपटलेला कोंब लगेच पिशवीत टाकायचा. वाफ्यात पडलेला ओला कोंब तेथेही बीजाणू सोडू शकतो. रोगट कोंब संपले की उरलेली सगळी हिरवी फूट, कडेला पसरलेल्या फुटीसकट, कापून काढायची. बाजूच्या कुंपणाआड किंवा दगडाआड राहून गेलेली एक फूटही पुरेशी असते. छाटणी नव्वद टक्के झाली तर तिचा फायदा नव्वद टक्के मिळत नाही, कारण उरलेल्या दहा टक्क्यांतला रोगट कोंब पूर्ण वाफ्याला पुरतो. शेवटी माती परत ओढून गड्डा झाकायचा.

किती उशिरा छाटावे याला मर्यादा आहे. छाटणी लांबवली तर रोगाला मिळणारा ओल्या दिवसांचा काळ कमी होतो हे खरे, पण फार लांबवली तर वेलीला दोरीचे टोक गाठायला दिवस उरत नाहीत आणि लवकर येणाऱ्या वाणांचे उत्पन्न घटते. विलामेट खोऱ्यात मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हात लावतो आणि दुसऱ्या आठवड्यापुढे जात नाही. लावून वर्षही न झालेल्या वेली मात्र छाटू नयेत. त्यांचे रोगट कोंब तेवढे उपटावेत आणि बाकीची फूट गड्डा पोसायला राहू द्यावी.

छाटणीनंतर दर चार-पाच दिवसांनी फेरी मारावी. मी प्रत्येक गड्ड्यापुढे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोगट कोंबांची संख्या लिहितो. ही संख्या पुढच्या निर्णयांसाठी फवारणीच्या नोंदींपेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण त्याच त्या गड्ड्यावर वर्षामागून वर्षे कोंब येतात हे तिच्यामुळेच लक्षात येते.

दोरीवर चढवणे आणि खालची पाने काढणे

एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात दुसरी फूट हातभर झाली की दोरी बांधावी. इकडे शेतात साडेपाच मीटर उंचीवरून काथ्याची दोरी सोडतात. कोकणातल्या वाचकाला तिची ओळख करून द्यायला नको. हालरटाऊत तारा वापरतात आणि मांडव सात मीटरचा असतो. एका गड्ड्याला दोन दोऱ्या आणि दोरीला दोन-तीन वेली एवढेच प्रमाण ठेवावे. वेल निवडताना प्रत्येकीची वरची दोन पाने उलटून पाहावीत. शंका असलेली वेल घेऊ नये. निवडलेल्या वेली घड्याळाच्या दिशेने हाताने वेढून दिल्या की पुढचे काम त्या स्वतः करतात. बाकीची सगळी फूट पुन्हा काढावी. वेलीच्या अंगावर आकड्यांसारखे राठ केस असतात, ते मनगटावर ओरखडे काढतात, म्हणून बाह्या लांब असाव्यात.

चढलेल्या वेलीचा शेंडा पुढे रोगट झाला तर तो निरोगी पेरापर्यंत, दोन पेरे अधिकचे घेऊन, तोडावा आणि खालच्या बगलफुटीला दोरीवर घ्यावे. वेल चार-पाच मीटर झाली की जमिनीपासून सुमारे एक मीटरपर्यंतची पाने आणि बगलफुटी काढून टाकाव्यात. याने दोन गोष्टी साधतात: खालचा भाग कोरडा राहतो, आणि गड्ड्यातून वर येणाऱ्या उशिराच्या रोगट कोंबांना शिडीसारखी मिळणारी पाने नाहीशी होतात. पाने ओरबाडून काढू नयेत, सालीला जखम होते. देठाशी चिमटून काढावीत. कोवळ्या, लहान वेलींवर मात्र हे काम हलक्या हाताने आणि अर्धा मीटरपर्यंतच करावे.

पाणी बुडाशी आणि सकाळी द्यावे. तुषार सिंचन हॉप्सला नको. नत्र मे-जूनमध्ये संपवावे, कारण जुलैत दिलेले नत्र फुलोऱ्याऐवजी पानोळा वाढवते.

फवारणी केव्हा आणि कशाची

आतापर्यंतची कामे नीट झाली असतील आणि मे कोरडा गेला असेल तर कॅस्केडच्या आठ-दहा वेलींना फवारणीची गरज अनेकदा पडत नाही. पण हवामानाच्या अंदाजात दोन-तीन दिवसांचा सलग पाऊस असेल आणि दिनदर्शिकेवर रोगट कोंबांचे आकडे असतील, तर पावसाआधी ताम्रयुक्त औषध मारावे. पावसाआधी, हे शब्द महत्त्वाचे आहेत. तांबे पानावर पहारा देते, आत शिरलेल्या रोगाला ते बाहेर काढत नाही. शिवाय दिवसाला वीतभर वाढणाऱ्या वेलीवर आठवड्यापूर्वी मारलेले औषध खालच्या पानांवर असते, आजचा शेंडा उघडाच असतो. म्हणून ओल्या काळात सात ते दहा दिवसांचे अंतर ठेवावे लागते आणि झोत शेंड्यांवर व पानांच्या खालच्या बाजूस पोहोचवावा लागतो.

बोर्डो मिश्रण आपल्या बागायतदारांना परिचित आहे. ते मुळात १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये द्राक्षावरच्या केवड्यासाठीच पुढे आले. एक टक्का मिश्रण करताना १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या दोन वेगळ्या बादल्यांत विरघळवून, दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतून ढवळतात. घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवावा. त्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, आणखी चुन्याची निवळी घालावी. कोवळ्या शेंड्यांसाठी अर्धा टक्काच वापरावे, एक टक्क्याने पानांच्या कडा करपतात. आपण राहतो त्या देशात हॉप्ससाठी कोणते ताम्रयुक्त उत्पादन नोंदणीकृत आहे ते मात्र लेबल वाचून ठरवावे. तयार कॉपर हायड्रॉक्साइड सहज मिळत असेल तर बोर्डोचा खटाटोप करण्यात मला स्वतःला अर्थ वाटत नाही. फवारणीच्या वेळी डोळ्यांवर चष्मा, हातमोजे आणि काढणीपूर्वी सोडायचे दिवस हे तिन्ही लेबलाप्रमाणे पाळावेत.

आंतरप्रवाही औषधांचा मोह आवरावा. मेटॅलॅक्झिल गटातील औषध मुळाशी दिले की वसंतातले रोगट कोंब कमी होतात, हे खरे होते. पण तेच ते औषध वर्षानुवर्षे वापरल्याने वायव्य अमेरिकेतल्या केवड्यात त्याला न जुमानणारे प्रकार तयार झाले, आणि ओरेगनमध्ये पुढे फोसेटिल ॲल्युमिनियमचीही तीच गत झाली. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यातल्या वाचकाला ही कथा नवी नाही. व्यावसायिक शेतकरी म्हणूनच वेगवेगळ्या गटांतली औषधे आलटून पालटून वापरतात; घरच्या आठ वेलींसाठी तांबे आणि खुडणी यापलीकडे जाण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही.

फुलोरा ते काढणी

जूनअखेर ते जुलैत वेलीवर ब्रशासारखी बारीक फुले येतात आणि पुढे त्यांचे शंकू होतात. हा दुसरा नाजूक काळ आहे. फुलोऱ्यात लागण झाली तर शंकू धरतच नाही किंवा लहानपणीच काळपट, कडक होऊन राहतो. मोठ्या शंकूवर लागण झाली तर त्यातली आतली पातळ पापुद्र्यासारखी दले बाहेरच्या दलांपेक्षा आधी तपकिरी पडतात आणि शंकूवर पट्टे ओढल्यासारखे दिसतात. वाऱ्याने घासलेला शंकूही तपकिरी होतो, पण तो मुख्यतः टोकाला आणि वाऱ्याच्या बाजूला. पट्टे दिसले तर केवडा समजावा.

या टप्प्यावर फार काही करता येत नाही. फुले दिसण्याच्या सुमारास पावसाची लक्षणे असतील तर ताम्रयुक्त औषधाची एक फवारणी करावी, एवढेच. हालरटाऊत बीजाणूंचे सापळे लावून रोज मोजणी करतात आणि संख्या वाढली की शेतकऱ्यांना फवारणीची सूचना जाते. घरी त्याऐवजी बगलफुटींचे शेंडे पाहावेत, कारण शंकूंच्या आधी केवडा तेथे दिसतो. बाधित बगलफुटी शिडी लावून काढाव्यात. शिडीवरून पाहताना खालून न दिसलेल्या दोन-चार तरी सापडतात.

शंकू हातात दाबल्यावर कागदासारखा कुरकुरला आणि आतली पिवळी लुप्युलिनची पूड गडद, वासाला तीव्र झाली की काढणी करावी. विलामेट खोऱ्यात ही वेळ वाणानुसार ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत येते. केवडा शिरलेल्या वेलीचे निरोगी शंकू थोडे आधीच काढून घेणे शहाणपणाचे असते. अजून चार दिवस थांबून वास वाढेल या आशेने मी एकदा थांबलो, त्या चार दिवसांत दोन दिवस पाऊस झाला. तपकिरी शंकू वेगळे काढावेत; मुठीभर खराब शंकू वाळवणाच्या चाळणीत मिसळले तर संपूर्ण घाण्याला कोंदट वास येतो.

गड्डा ठेवावा की काढावा

काढणीनंतर वेल लगेच बुडापासून कापू नये. हिरवा भाग जेवढा राहील तेवढे अन्न गड्ड्यात उतरते, आणि भुकेला गड्डा केवड्याला लवकर बळी पडतो. पहिल्या कडक थंडीनंतर वेली वाळल्या की कापाव्यात. कापलेल्या वेली वाफ्यावर आच्छादन म्हणून पसरण्याची सवय काहींना असते. मर रोग असलेल्या भागात ती घातक आहे, कारण तो रोग जमिनीत आणि काडीकचऱ्यात टिकतो.

त्यानंतर दिनदर्शिका काढून बसावे. ज्या गड्ड्यावर सलग दोन वसंतांत, नीट छाटणी करूनही, दहाहून अधिक रोगट कोंब आले आणि ज्याची निरोगी फूटही दरवर्षी बारीक होत चालली, तो मी काढून टाकतो. हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे. पाच गड्ड्यांच्या बागेत तो आणखी खाली आणायला हरकत नाही. खात्रीसाठी नोव्हेंबरमध्ये गड्ड्याच्या कडेची माती बाजूला करून एक जाड मुळकांडी चाकूने आडवी कापावी. आतला भाग पांढरा असेल तर आणखी एक वर्ष द्यावे. मध्यभागापासून काळ्या-तपकिरी रेघा पसरलेल्या असतील, कुजका वास येत असेल, तर गड्डा हातभर खोल खणून, बोटभर जाडीची प्रत्येक मुळकांडी वेचून काढावी. जमिनीत राहिलेला तुकडा पुढच्या एप्रिलमध्ये रोगट कोंब घेऊनच वर येतो. एका वेळी एकाच गड्ड्याचे काम करावे आणि चाकू-सिकेटर दुसऱ्या वेलीला लावण्याआधी पुसून, निर्जंतुक द्रवात बुडवून घ्यावेत. केवडा अवजारांतून फारसा पसरत नाही, पण हॉप्स खुंटवणारे व्हायरॉइड (विषाणूहूनही लहान रोगकारक) अवजारांतून नक्की पसरते. जपानमध्ये हॉप्सची वाढ खुंटवणारे ते व्हायरॉइड मुळात द्राक्षवेलीतून आले असे संशोधकांनी दाखवले आहे, त्यामुळे ज्या सिकेटरने द्राक्षवेल छाटली तोच हॉप्सला लावण्याआधी माझ्यासारख्याने दोनदा विचार करावा.

माझ्या तीन रोगट गड्ड्यांपैकी दोन मी तिसऱ्या वर्षी काढले. खणायला एकेक दुपार लागली आणि एकातून टोपलीभर मुळकांड्या निघाल्या. तिसरा ठेवला आहे. गेल्या वसंतात त्याच्यापुढे दिनदर्शिकेत चारचा आकडा होता, या वसंतात दोनचा.